जीपगाडीवरील बिनतारी एरियल

शेतीच्या मासिकात बिनतारी यंत्रावरील लेख पाहून काही वाचकांस नवल वाटेल. बियाणे, खत, तुडतुड्याचा बंदोबस्त हे विषय टाकून लेखक आकाशातील लहरींच्या मागे कशाला लागला, असेही कोणी विचारील. वैनगंगेच्या काठी ज्याच्या बांध्या आहेत त्यास मात्र हे उत्तर सांगावे लागणार नाही. सन २०२० च्या ऑगस्टच्या अखेरीस मध्यप्रदेशातील शिवनी जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, संजय सरोवराचे पाणी सोडावे लागले, आणि वैनगंगेस असा पूर आला की, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चारही जिल्ह्यांतील काठची गावे पाण्यात गेली. धान तेव्हा फुटव्यातून पोटरीकडे चालले होते. तीन दिवस पाण्याखाली राहिलेल्या बांधीत मागाहून काय उरते हे धानकऱ्यास ठाऊक आहे : वर गाळाचा थर आणि खाली कुजलेली तणस.

माझी जमीन तिरोडा तालुक्यात नदीपासून हाकेच्या अंतरावर आहे. त्या दिवशी वीज दुपारीच गेली. गावाबाहेरील टॉवरची बॅटरी संध्याकाळपर्यंत उतरली आणि सर्वांचे मोबाईल मुके झाले. गोंदियास राहणारे माझे मेहुणे चार वाजल्यापासून मला फोन लावीत होते. वरून पाणी येत आहे, इंजिन काढून घ्या व जनावरे वर न्या, एवढेच त्यांस सांगावयाचे होते. तो निरोप मला तिसऱ्या दिवशी मिळाला. जनावरे आम्ही रात्री कंदिलाच्या उजेडात कशीबशी गावठाणावर आणली. तेलाचे इंजिन, मोटारपंप आणि कोठीतील पुढील वर्षाचे बियाणे मात्र गेले. बातमी होती, ती सांगणारा माणूस होता, ऐकणाराही जागा होता. मधली वाट तेवढी तुटली होती. ही मधली वाट आपल्या हाती ठेवता येईल काय, या विचाराने मी हौशी बिनतारीकडे वळलो. पुढे जे शिकलो, व जे चुकत चुकत शिकलो, ते येथे देत आहे.

हौशी बिनतारी म्हणजे काय, हे प्रथम थोडक्यात सांगितले पाहिजे. सरकारची परीक्षा देऊन परवाना घेतलेला कोणीही नागरिक स्वतःचा प्रक्षेपक व ग्राहक संच ठेवून तशाच दुसऱ्या परवानाधारकाशी बोलू शकतो. मध्ये कोणतीही कंपनी नसते, टॉवर नसतो, महिन्याचे भाडे नसते. अशा माणसास सर्व जगात ‘हॅम’ म्हणतात. परवाना केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयाकडून मिळतो. बारा वर्षे वयाच्या मुलापासून पुढे कोणासही परीक्षेस बसता येते. परीक्षेत विजेची व बिनतारीची मूलतत्त्वे आणि कायदेकानू असे दोन भाग असतात, आणि वरच्या श्रेणीस मोर्सची कडकट्टही यावी लागते. उत्तीर्ण झाल्यावर ‘व्हीयू’ या अक्षरांनी आरंभ होणारे बोधनाम मिळते, व हवेत आपली ओळख तीच. मी पन्नाशी उलटल्यावर परीक्षा दिली. पुस्तकातील संधारित्राचे प्रकरण रोवणीच्या दिवसांत वाचणे हे काही सुखाचे काम नव्हे, पण विषय अवघड म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

येथेच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी, कारण लेख वाचून कोणाचा गैरसमज होऊ नये. ही बिनतारी व्यापारासाठी नाही. गोंदियाच्या राईस मिलीत आज धानाचा काय भाव निघाला, ट्रॅक्टर कोणत्या बांधीत पाठवावा, मजूर किती आले, असल्या गोष्टी तिच्यावर बोलणे नियमाबाहेर आहे. तिऱ्हाइताचे निरोपही एरवी नेता येत नाहीत. पूर, भूकंप, वादळ अशा आपत्तीत मात्र हीच सेवा सरकारच्या व लोकांच्या उपयोगी पडावी, अशी तिची योजना आहे. ज्यास केवळ शेतावरील गड्याशी बोलावयाचे आहे त्याने या मार्गास लागू नये. त्यासाठी दुसरी साधने आहेत व त्यांचे नियमही निराळे आहेत.

या हौसेचा आपल्या देशातील इतिहास जुना आहे. कलकत्त्याचे अमरेंद्रचंद्र गुप्तू यांनी १९२१ साली पहिले हौशी केंद्र चालविले. १९३९ साली महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी परवाने बंद केले. तरीही १९४२ च्या चळवळीत मुंबईस उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी २७ ऑगस्टपासून १२ नोव्हेंबरपर्यंत गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. त्याचा प्रक्षेपक एका जागी फार दिवस न ठेवता या घरातून त्या घरात हलविला जाई. यंत्र हलते असेल तर ते सापडणे कठीण, हा त्यांचा हिशेब होता. आमचा हिशेब उलट आहे : यंत्र हलते असेल तर जेथे वाट तुटली तेथे ते नेता येते. २००१ साली भूजचा भूकंप झाला तेव्हा हौशी संदेशक आपापले संच घेऊन कच्छात पोहोचले होते. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामीची लाट अंदमानावर आली, तेव्हा हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद व त्यांचे सोबती योगायोगाने पोर्ट ब्लेअर येथेच संच मांडून बसले होते. बेटांवरून मुख्य भूमीकडे बातमी जाण्यास त्यांचा मोठा उपयोग झाला.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा नकाशावर लहान दिसतो, पण बिनतारीच्या दृष्टीने तो मोठा अडचणीचा आहे. तिरोडा व गोंदिया तालुक्यांची नदीकाठची जमीन सपाट आहे. तेथून दक्षिणेस आले की नागझिऱ्याचे डोंगर व जंगल आडवे येते. पूर्वेस सालेकसा, दरेकसा, देवरी हा भाग उंचसखल व दाट झाडीचा आहे. अर्जुनी मोरगावकडे नवेगावबांध, इटियाडोह अशी मोठी पाणी आणि त्यांभोवती टेकड्या आहेत. अशा प्रदेशात घराच्या छपरावर उंच एरियल उभारून बसलेल्या माणसाचा आवाज डोंगरापलीकडे जात नाही. तोच माणूस जीप घेऊन टेकडीच्या माथ्यावर गेला तर दोन्ही बाजूंस ऐकू जाते. घर उठून टेकडीवर जात नाही, गाडी जाते. एरियल गाडीवर बसविण्याचे मुख्य कारण हेच.

उंचीचा हिशेब सोपा आहे व तो वाचकांनी स्वतः करून पाहावा. दोन मीटर पट्ट्यावरील लहरी, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या, जवळजवळ नजरेच्या रेषेत जातात. एरियलच्या उंचीचे मीटरमध्ये वर्गमूळ काढावे, त्यास ४·१२ ने गुणावे, म्हणजे सपाट जमिनीवरील पल्ला किलोमीटरमध्ये निघतो. दोन्ही टोकांचे पल्ले मिळवावे. जीपच्या टपावरील एरियल जमिनीपासून दोन मीटरवर धरली तर तिचा पल्ला पावणेसहा किलोमीटरांच्या आसपास येतो. म्हणजे दोन जीपगाड्या एकमेकींशी साडेअकरा किलोमीटरपर्यंत बोलतील. समोरच्याची एरियल तीस मीटर उंच मनोऱ्यावर असेल तर तोच पल्ला अठ्ठावीस किलोमीटरांवर जातो. हे झाले कागदावरील. पावसाळ्यात साग व मोहाची ओली पाने लहरी पिऊन टाकतात, व नागझिऱ्याच्या रस्त्यावर मला पाच किलोमीटरांवरचा मित्र ऐकू आला नाही असे अनेकदा घडले आहे. उलट देवरीकडील एका चढावर गाडी थांबविताच तोच मित्र शेजारी बसल्यासारखा बोलू लागला.

एरियलच्या लांबीचा हिशेबही याच जातीचा. तीनशेला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागले की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. १४५ साठी ती २·०७ मीटर येते. तिचा चौथा हिस्सा बावन्न सेंटीमीटरांच्या किंचित आत पडतो. लहर तारेत थोडी मंद चालते म्हणून प्रत्यक्षात एकोणपन्नास सेंटीमीटरांच्या जवळपास काडी ठेवावी लागते. हातभर पोलादी काडी, एवढीच ती एरियल! पण ही काडी अर्धीच एरियल आहे, हे मला फार उशिरा कळले. उरलेला अर्धा भाग म्हणजे तिच्याखालचा लोखंडी टप. काडीतून जितका प्रवाह वर जातो, तितकाच खाली टपाच्या पत्र्यात पसरावा लागतो. झाडास वर फांद्या असतात तशा खाली मुळ्याही असाव्या लागतात, तसाच हा प्रकार आहे. म्हणून काडीची उत्तम जागा म्हणजे टपाचा बरोबर मध्य, जेथून चारी दिशांस निदान अर्धा मीटर पत्रा मोकळा मिळेल.

माझी पहिली चूक याच ठिकाणी झाली. टपास भोक पाडण्याचे धाडस होईना, म्हणून एरियल मी मागील बंपरवर पट्टी लावून बसविली. बाहेरून ती मोठी ऐटबाज दिसे. परंतु काडीचा खालचा अर्धा भाग गाडीच्या पाठीमागे झाकला गेला होता व पत्रा एकाच बाजूस होता. परिणाम असा झाला की, गाडीचे तोंड गोंदियाकडे असले म्हणजे गोंदिया ऐके, आणि वळून तिरोड्याकडे निघालो की गोंदियाचा आवाज बुडे. दोन महिने मी संचासच दोष देत होतो. अखेर एका जाणत्या मित्राने टपावर एरियल हाताने धरून पाहावयास सांगितले आणि संशय फिटला.

टपावर बसविण्याचे दोन मार्ग आहेत. एक लोहचुंबकाचा तळ व दुसरा भोक पाडून पक्की बैठक. लोहचुंबकाचा तळ ठेवला की काम झाले, काढला की गाडी पूर्ववत. नवशिक्याने याच मार्गाने आरंभ करावा. तळाचा पत्र्याशी प्रत्यक्ष स्पर्श नसला तरी मधल्या रंगाच्या पातळ थरातून दोन मीटरच्या लहरी सहज पार होतात. मात्र तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. तळाखाली धूळ राहिली तर तिचे कण रंग खरवडतात आणि पहिल्या पावसात तेथे गंज धरतो, म्हणून आठवड्यातून एकदा तळ उचलून पुसावा. कोॲक्स केबल दाराच्या रबरातून आत घेताना दाराच्या धारेखाली चेचली जाते, आणि चेचलेली केबल वरून धड दिसून आत निकामी झालेली असते. आणि केबल दारात शिरण्यापूर्वी तिला खाली लोंबता झोळ द्यावा, नाही तर पावसाचे पाणी तिच्यावरून ओघळत थेट आसनावर, आणि कधीकधी संचात, येते. हे शेवटचे मी अनुभवाने सांगत आहे.

ज्यास हे काम कायम करावयाचे आहे त्याने भोक पाडावे. मी अखेर पाडले. आधी टपाच्या आतील कापड उतरवून आडवी लोखंडी पट्टी कोठे आहे, दिव्याच्या तारा कोठून गेल्या आहेत, हे पाहिले. बैठकीच्या मापाचे भोक पाडून कडेचा रंग आतून खरवडला, म्हणजे धातूस धातू लागेल. बाहेरून रबरी वायसर व त्यावर पाणी न शिरणारा लेप दिला. उघड्या पत्र्यावर गंजरोधक रंग लावण्यास विसरू नये. भोक पाडताना मन कचरते खरे, पण आम्ही शेतकरी ट्रॅक्टरच्या मडगार्डास वाटेल तेथे भोके पाडतो, मग जीपच्या टपाचेच एवढे सोवळे कशाला? विकावयाच्या वेळी रबरी बूच मारले की झाले.

ज्यांची गाडी ताडपत्रीच्या टपाची आहे त्यांना वरील सर्व सांगणे व्यर्थ आहे, कारण ताडपत्रीस मुळ्या नाहीत. त्यांनी टपाच्या लोखंडी कमानीवर पत्र्याचा निदान एक मीटर चौरस तुकडा बसवून तो चेसिसशी जाड पट्टीने जोडावा, अथवा ज्या एरियलला खालच्या पत्र्याची गरज नाही अशी अर्ध्या लहरीची एरियल घ्यावी. ट्रॅक्टरवर मी पुढील बॉनेटवर चुंबकी तळ ठेवून पाहिला. चालतो, पण नांगरणीत इतके हादरे बसतात की तासाभरात तळ सरकतो. शिवाय ट्रॅक्टरच्या आवाजात ऐकू काय येणार! ट्रॅक्टर हे बिनतारीचे वाहन नव्हे, असे माझे मत झाले आहे. मोटारसायकलचे तर पेट्रोल इंजिन असल्याने ठिणगीची तडतड संचात शिरते, ती निराळीच.

एरियल बसविली म्हणजे ती जुळली असे नव्हे. संच व एरियल यांमध्ये उलट येणारी शक्ती मोजण्याचे मापक लावावे लागते. त्याचा आकडा एकास एक असेल तर सर्व शक्ती एरियलीत जाते. दीडपर्यंत चिंता नाही. तीन झाला तर शक्तीचा चौथा हिस्सा परत फिरतो, व संच तापून बिघडण्याचा संभव असतो. आकडा वरच्या कंपनसंख्येस कमी व खालच्या कंपनसंख्येस जास्त येत असेल तर काडी आखूड आहे असे समजावे, व उलट असेल तर ती लांब आहे. लांब काडी कापता येते, आखूड काडी वाढविता येत नाही. म्हणून एका वेळी दोन-तीन मिलिमीटरांहून अधिक कापू नये. दारे लावून, गाडी मोकळ्या जागी उभी करून माप घ्यावे. गोठ्याच्या टिनाखाली घेतलेले माप खोटे निघते. केबलही लागेल तेवढीच ठेवावी. बारीक कोॲक्सच्या पाच मीटरांत दोन मीटर पट्ट्यावरील शक्तीचा जवळजवळ पाचवा हिस्सा उष्णता होऊन जातो.

येथपर्यंतचे काम जिल्ह्यापुरते झाले. पण पुराची बातमी वरून येते, आणि मदत नागपुराहून यावयाची असते. नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर आहे. मध्ये कोणाचा उंच मनोरा नसेल तर दोन मीटरची लहर तेथे पोहोचणार नाही. त्यासाठी चाळीस मीटर पट्टा, म्हणजे ७ ते ७·२ मेगाहर्ट्झ, हा उपयोगी. या पट्ट्यावरील लहर सरळ वर आकाशात धाडली तर उंचावरील विद्युद्भारित थरावर आपटून ती खाली परतते आणि भोवतालच्या दोन-तीनशे किलोमीटरांत पावसाच्या सरीसारखी पडते. डोंगर, दऱ्या, जंगल यांची तिला अडचण नाही. दिवसा नागपूर, चंद्रपूर, रायपूर, जबलपूर ही सर्व ठिकाणे या छत्रीखाली येतात.

परंतु गाडीवर हा पट्टा चालविणे म्हणजे बैलास शिडीवर चढविण्यासारखे आहे. ७·१ मेगाहर्ट्झची लहर बेचाळीस मीटरांहून लांब, व तिचा चौथा हिस्सा साडेदहा मीटर. एवढी काठी कोणत्या जीपवर राहील? म्हणून अडीच मीटरांच्या आतील काठीत तांब्याच्या तारेचे वेटोळे घालून विजेस ती लांब भासविली जाते. संच या फसवणुकीस भुलतो, आकाश भुलत नाही. अशा आखूड काठीचा जो भाग खरोखर लहर फेकतो त्याचा विरोध हिशेबाने एक ते अडीच ओहम इतकाच येतो. वेटोळ्याचा व जमिनीचा नुसता फुकट जाणारा विरोध मिळून दहा-पंधरा ओहमांचा असतो. म्हणजे शंभर वॅट ओतले तर दहाएक वॅट आकाशात जातात, उरलेले वेटोळे व जमीन तापविण्यात खर्च होतात. वेटोळे काठीच्या तळाशी न ठेवता मध्यावर ठेवले, ते जाड तारेचे व रुंद घेराचे केले, आणि दारे, बॉनेट, धुराडे व चेसिस तांब्याच्या वेणीदार पट्ट्यांनी एकमेकांस जोडली, तर या हिशेबात थोडी सुधारणा होते. चुंबकी तळ येथे पुरा पडत नाही, बैठक पत्र्यास घट्ट बोल्टाने लावावी लागते.

म्हणून माझी रीत निराळी आहे व ती मी वाचकांस सुचवितो. चालत्या गाडीत दोन मीटरच वापरावा. चाळीस मीटरसाठी गाडी थांबवावी. जीपमध्ये वीस मीटर तार, मध्ये कापून दोन दहा-दहा मीटरांचे पदर केलेली, सुताची दोरी व प्लॅस्टिकची नळी ठेवलेली असते. दोरीस दगड बांधून मोहाच्या अथवा आंब्याच्या फांदीवरून टाकावा, तारेचा मध्य सहा-सात मीटर वर ओढावा, दोन्ही टोके उतरती करून दोन खुंट्यांस बांधावी. टोकांस विजेचा दाब मोठा असतो, म्हणून ती माणसाच्या व जनावराच्या उंचीच्या वर राहतील असे पाहावे. एवढ्या कमी उंचीची तार दूरवर फारशी जात नाही, पण आम्हांस दूर जावयाचेच नाही. नागपूर ऐकले म्हणजे पुरे. मोठ्या किमतीच्या काठीपेक्षा ही दोनचारशे रुपयांची तार अधिक काम करते, हे मी अनेकदा पडताळून पाहिले आहे. सूर्यास्तानंतर हाच पट्टा जवळचे सोडून दूरचे आणू लागतो. तेव्हा नागपूर बुडते व कोणी परदेशीय गृहस्थ मोठ्याने ऐकू येतात, त्याने निराश होऊ नये.

विजेच्या जोडणीविषयी दोनच शब्द. संचाची तार सिगारेट पेटविण्याच्या खोबणीतून कधीही घेऊ नये. पन्नास वॅटचा संच दहा-बारा अँपिअर ओढतो व शंभर वॅटचा वीस-बावीस. इतक्या प्रवाहास ती खोबणी जळून जाते. जाड तार थेट बॅटरीपासून आणावी, आणि धन तारेवर बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज असावा. फ्यूज संचाजवळ असला आणि मधली तार घासून चेसिसला लागली, तर आग लागेपर्यंत त्यास खबर लागत नाही. इंजिन चालू असता आवाजात किणकिण येत असेल तर ती चार्जिंगच्या डायनामोची होय. ताऱ्यांवर फेराइटची कडी चढविल्यास ती पुष्कळ कमी होते.

धोक्यांपैकी दोन असे आहेत की त्यांस चूक करून शिकण्याची सोय नाही. पहिला, अकरा हजार व्होल्टच्या तारा. आमच्याकडे पावसात खांब कलतात व तारा बांधीवर झोळ खातात. तणसाच्या गाड्या त्यांना लागून झालेले अपघात सर्वांस माहीत आहेत. लांब काठी लावलेली जीप अशा तारेखालून नेऊ नये, व दोरी फेकण्यापूर्वी मान वर करून सर्व बाजू पाहाव्या. दुसरा, वीज. मृगाच्या आरंभी व परतीच्या पावसात या जिल्ह्यात विजा फार पडतात. ढग गडगडू लागले की तार खाली घ्यावी, केबल संचापासून सोडवावी आणि बोलणे थांबवावे. पुराचे काम चालू असले तरीही. पत्र्याचा बंद टप आतल्या माणसास बरेच संरक्षण देतो, पण झाडाखाली तार धरून उभा असलेल्यास काहीच नाही. गाडी हाकताना स्वतः बोलू नये हे वेगळे सांगावयास नको. शेजारी कोणास तरी बसवावे, किंवा थांबावे. वाहनावरून बोलण्यापूर्वी परवान्यातील चालत्या केंद्राचे कलमही नीट वाचून त्याप्रमाणे परवानगीची पूर्तता करावी.

निरोप कसा द्यावा, हेही एरियल बसविण्याइतकेच शिकण्यासारखे आहे. पुरात अफवा पाण्याच्या आधी पोहोचते. म्हणून आम्ही चार परवानाधारकांनी एक कागद ठरविला आहे. त्यावर निरोपाचा क्रमांक, वेळ, ठिकाण, प्रत्यक्ष पाहणाऱ्याचे नाव व मजकूर एवढेच लिहिले जाते, ऐकणाऱ्याने तो शब्दशः परत वाचून दाखविल्याशिवाय निरोप पोहोचला असे धरले जात नाही. ‘पाणी फार वाढले’ असे कोणी म्हटले तर आम्ही ते लिहीत नाही. पुलाच्या कितव्या खुणेस, किती वाजता, हे विचारतो. धरणाचे दार उघडल्याची बातमी आम्ही आपल्या अधिकाराने गावात पुकारीत नाही. ती जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडून आली तरच सरपंचाकडे पोहोचवितो, व गावची स्थिती कक्षाकडे कळवितो.

हे सर्व उभे करून तीन पावसाळे झाले. दरवर्षी पऱ्हे टाकून झाले की रोवणीपूर्वीच्या एका रविवारी आम्ही मोबाईल बंद ठेवून तालीम करतो. एक गाडी नदीकाठी, एक देवरीच्या चढावर, एक माणूस गोंदियास घरी. पहिल्या वर्षी नऊ निरोपांपैकी चार पोहोचले. गेल्या वर्षी अकरांपैकी दहा पोहोचले. अकरावा गेला नाही, कारण नदीकाठच्या गाडीत केबल दाराखाली चेचली होती, आणि ती गाडी माझी होती. २०२० सारखा पूर त्यानंतर आलेला नाही, त्यामुळे खऱ्या प्रसंगी हे साधन किती टिकेल हे तालमीवरूनच काय ते समजावयाचे. नवी केबल मी आता दारातून न आणता टपाच्या भोकातून आत घेतली आहे. या वर्षीची तालीम आर्द्रा लागण्यापूर्वीच्या रविवारी आहे. ज्या शेतकरी बंधूंस पाहावयाची असेल त्यांनी सकाळी सातपूर्वी घाटावर यावे, आणि येताना छत्री आणावी.